दोन विमानांमधले आठ तास



प्रवासाचे सुख निघण्यात असते, पोहोचण्यात असते, आणि घरी परतल्यावर शेजाऱ्यांना वर्णन करून सांगण्यात तर ते सर्वांत अधिक असते. परंतु अर्ध्या वाटेवर ताटकळत बसण्यात सुख असते, असे म्हणणारा मनुष्य अद्याप माझ्या पाहण्यात आलेला नाही. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांची मुले व नातवंडे आज अमेरिकेत आहेत. ती न्यू यॉर्क किंवा न्यू जर्सीत असली तर एका विमानाने काम भागते. पण क्लीव्हलंड, शार्लट, सेंट लुईस अशा गावी असली म्हणजे मध्ये एखाद्या अपरिचित शहरी विमान बदलणे आले. तिकिटावर त्याची नोंद एका ओळीत असते : थांबा, आठ तास.

ते आठ तास आपली वडीलधारी मंडळी कशी काढतात हे सर्वांना ठाऊक आहे. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात, आणि नजर समोरच्या फलकावर. चहा घ्यावा तर तो महाग, उठावे तर जागा जाईल, झोपावे तर विमान जाईल. बाहेर ज्या शहराच्या नावाने भूगोलाची पुस्तके भरली आहेत, ते शहर वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरावर असते. आणि वयाच्या पासष्टाव्या वर्षी त्या गावी पुन्हा पाऊल पडेल याची शाश्वती कोणी द्यावी?

वास्तविक आपल्या ज्ञातीची कथाच मुळी एका अनपेक्षित थांब्याची आहे. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून जे वाचले, असे आपण परंपरेने सांगतो, ते काही कोकण पाहावयास निघालेले नव्हते. तरीही त्यांनी तेथली भाषा घेतली, तेलाचे घाणे चालविले आणि शतकानुशतके ते तेथेच नांदले. आपल्यापुढे प्रश्न केवळ आठ तासांचा आहे. तो शिस्तीने सोडविला तर सुटण्यासारखा आहे.

अध्यापक विद्यालयात आम्हांला पाठाचे टाचण काढावयास शिकवीत. त्यातील दोन नियम प्रवाशालाही उपयोगी पडतील. पहिला असा की, तासिका पस्तीस मिनिटांची असली तरी शिकविण्यास पस्तीस मिनिटे मिळत नाहीत. हजेरी, फळा पुसणे आणि वह्या काढणे यांचा वेळ आधी वजा करावा. दुसरा असा की, एका तासिकेस उद्दिष्ट एकच असावे.

आता पहिला नियम विमानतळास लावून पाहू. समजा, आपण लंडनहून फिलाडेल्फियास दुपारी १२ वाजता उतरलो आणि पुढचे विमान रात्री ८ वाजता आहे. अमेरिकेत केवळ विमान बदलावयाचे असले तरी पहिल्याच विमानतळावर पारपत्र-तपासणी करून देशात रीतसर प्रवेश करावा लागतो. मोठे सामान तेथे स्वतः उचलून कस्टमपुढून न्यावे लागते आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा सोपवावे लागते. फार थोड्या मार्गांवर यातून सूट असते. या सर्वांस दोन तास धरावेत. दोन वाजले. परत येऊन सुरक्षा-तपासणी ओलांडण्यासाठी विमानापूर्वी अडीच तास हाताशी हवेत, म्हणजे साडेपाचला विमानतळावर पोहोचले पाहिजे. जाण्यायेण्याची गाडी, तिची वाट पाहणे व चुकून पुढेमागे होणे मिळून जाताना एक आणि येताना एक तास. शिल्लक काय राहिले? तीन ते साडेचार. आठांतले दीड तास!

हे उत्तर पाहून निराश होऊ नये. दीड तास हा थोडा वेळ नव्हे. मात्र तो दीड तासच आहे हे आधी कळले पाहिजे. ज्यांचे विमान चुकते, त्यांच्या डोक्यात बहुधा आठाचा आकडा असतो. याच हिशेबाने परदेशातून उतरणाऱ्याने सात तासांपेक्षा कमी थांबा असल्यास शहरात जाण्याचा विचारच करू नये. व्हीलचेअरची मदत मागितली असेल, तर तीसाठी थांबण्याचा जाता-येता अर्धा अर्धा तास निराळा काढावा.

परंतु याच गणिताची दुसरी बाजू फारसे कोणी मांडून पाहत नाही. परतीच्या प्रवासात आपण अमेरिकेतल्या गावाहून फिलाडेल्फियास येतो. त्या वेळी पारपत्र-तपासणीची रांग नसते आणि मोठे सामान बहुधा परस्पर पुढे जाते. देश सोडतानाही शिक्का मारण्याची निराळी खिडकी तेथे नाही. परदेशी विमानासाठी तीन तास आधी परतावे, दोन तास जाण्यायेण्याचे धरावेत. तरी आठांतले तीन तास मोकळे राहतात. जाताना दीड, येताना तीन. शिवाय जाताना मन मुलांच्या दारी केव्हाच पोहोचलेले असते; तेव्हा शहर दाखविले तरी डोळ्यांत शिरत नाही. म्हणून माझे सांगणे असे की, नगरदर्शन परतीसाठी राखून ठेवावे. नातवंडाचा हात सोडून आल्यावरचे ते आठ तास खुर्चीत बसून काढणे फार जड जाते, हे ज्यांनी काढले आहेत त्यांना सांगावयास नको.

कागदपत्रांविषयी थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे. इस्राएली नागरिकांना ऑक्टोबर २०२३ पासून नव्वद दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी व्हिसाशिवाय अमेरिकेत जाता येते; मात्र पारपत्र बायोमेट्रिक हवे आणि 'एस्टा' नावाची परवानगी संगणकावरून आधी मिळविलेली हवी. ही परवानगी केवळ विमान बदलणाऱ्यालाही लागते. अर्ज निदान बहात्तर तास आधी करावा, हा अमेरिकन सरकारचाच सल्ला आहे. मुंबई-ठाण्याहून भारतीय पारपत्रावर येणाऱ्या आपल्या नातलगांना मात्र व्हिसा लागतोच, मग थांबा दोन तासांचा का असेना. हे नियम बदलतात. निघण्यापूर्वी ते सरकारी स्थळावर पुन्हा पाहून घ्यावेत.

तिकीट एकत्र काढलेले असावे, हेही तितकेच महत्त्वाचे. एकाच तिकिटावरचे पहिले विमान उशिरा आले तर पुढची सोय लावून देणे विमान कंपनीचे काम असते. पण विमान वेळेवर येऊन आपणच शहरात रेंगाळलो तर दोष सर्वस्वी आपला, आणि तिकिटाचे पुढले सारे टप्पेही रद्द होऊ शकतात.

आता दुसरा नियम : उद्दिष्ट एकच. फिलाडेल्फिया हेच उदाहरण पुढे चालवू, कारण थांब्यापुरते पाहण्यास इतके सोयीचे शहर थोडे असेल. विमानतळाच्या इमारतींना लागूनच आगगाडीची स्थानके आहेत. साधारणपणे अर्ध्या तासाला एक गाडी सुटते आणि सुमारे पंचवीस मिनिटांत शहराच्या मध्यभागी जेफरसन स्थानकावर पोहोचविते. तेथे उतरून मार्केट स्ट्रीटने पूर्वेस चालू लागावे. १६८२ साली विल्यम पेनच्या इच्छेनुसार आखलेले हे शहर बुद्धिबळाच्या पटासारखे आहे. उत्तर-दक्षिण रस्त्यांना बहुतेक क्रमांकच आहेत. दहावा, नववा, आठवा असे उलटे अंक मोजीत दहा-बारा मिनिटे चालले की सहाव्या रस्त्याच्या नाक्यावर आपण येतो. इंग्रजी न येणाऱ्या आजीबाईंनाही अंक वाचता येतात.

या नाक्यावर एका लांबट इमारतीत ती प्रसिद्ध घंटा ठेवलेली आहे, जिला स्वातंत्र्याची घंटा म्हणतात. पाहण्यास तिकीट नाही. दाराशी पिशव्यांची तपासणी तेवढी होते. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने ही घंटा १७५१ साली लंडनच्या व्हाइटचॅपल येथील ओतशाळेकडून मागविली. ती आली आणि पहिल्याच ठोक्याला तडकली. मग पास आणि स्टो या दोघा स्थानिक कारागिरांनी तीच धातू वितळवून १७५३ साली ती पुन्हा ओतली. वजन सुमारे ९४० किलो. आज जी रुंद भेग दिसते तिच्याविषयी मुलांना अवश्य सांगावे. ती मूळची भेग नव्हे. तडकलेल्या कडा एकमेकींवर घासू नयेत म्हणून कारागिरांनी मुद्दाम रुंद केलेली ती दुरुस्ती आहे. ही दुरुस्ती करून १८४६ साली वॉशिंग्टनच्या जन्मदिनी घंटा वाजविली, तेव्हा तडा आणखी वर चढला आणि तिचा आवाज कायमचा बंद पडला. 'स्वातंत्र्याची घंटा' हे नावही तिला प्रथम राजकारण्यांनी दिलेले नाही. गुलामगिरी नष्ट व्हावी म्हणून झगडणाऱ्या मंडळींनी १८३० नंतरच्या दशकात ते रूढ केले, कारण तिच्यावर कोरलेले वचन त्यांना आपल्या कार्याचे वाटले. रस्त्यापलीकडे स्वातंत्र्य-भवन आहे, जेथे १७७६ चा जाहीरनामा स्वीकारला गेला आणि १७८७ साली राज्यघटना तयार झाली. त्याच्या आत जाण्यास बहुधा ठरावीक वेळेचे तिकीट लागते, म्हणून थांब्यावरील प्रवाशाने ते बाहेरूनच पाहावे.

ज्यांच्याजवळ परतीचे तीन तास आहेत, त्यांनी येथून चौथ्या रस्त्याकडे वळावे. पाच-सात मिनिटांवर मिक्वे इस्राएल हे सिनेगॉग आहे. या मंडळीचा आरंभ १७४० साली दफनभूमीसाठी मिळालेल्या जागेपासून धरतात, आणि तिचे पहिले स्वतंत्र मंदिर १७८२ साली उभे राहिले. आजची इमारत १९७६ ची आहे. आपल्या मुंबईचे शाअर हारहमीम, म्हणजे सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेली जुनी मशीद, १७९६ ची. पृथ्वीच्या दोन टोकांना, एकमेकांची गंधवार्ताही नसताना, चौदा वर्षांच्या अंतराने दोन मूठभर समाजांनी एकच काम केले. आणि दोन्हीकडे प्रार्थनेची पद्धती सेफार्दीच. फिलाडेल्फियातली मंडळी युद्धानंतर कर्जात बुडाली तेव्हा १७८८ साली तिने शहरातील इतर धर्मीयांपुढे वर्गणीची यादी फिरविली. त्या यादीवर बेंजामिन फ्रँकलिनची सही आणि पाच पौंडांची देणगी आहे. फ्रँकलिनची कबर तेथून जवळच, पाचव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर आहे. कुंपणाच्या गजांतून ती दिसते. मंदिर आतून पाहावयाचे असल्यास आधी दूरध्वनी करावा.

शिक्षकाच्या पेशामुळे मला या मंडळीतले एक नाव अधिक जवळचे वाटते, ते रिबेका ग्रॅट्झ यांचे. १७८१ साली जन्मलेल्या या बाईंनी १८३८ साली फिलाडेल्फियात यहुदी मुलांसाठी रविवारची शाळा काढली. फी नाही, शिकविणाऱ्या स्त्रिया, आणि विद्यार्थी मुलगे व मुली दोन्ही. धार्मिक शिक्षण स्त्रियांनी द्यावे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. पुढे इतर शहरांनी त्या शाळेचा कित्ता गिरविला. स्वतः बाई अविवाहित राहिल्या. मृत बहिणीची मुले त्यांनी वाढविली. १८६९ साली त्या वारल्या. त्यांची कबर स्प्रूस स्ट्रीटवरील जुन्या दफनभूमीत आहे. फाटक पुष्कळदा बंद असते, आणि दीड तासाच्या पाहुण्याने तिकडे धावूही नये. एक स्थळ मन लावून पाहिले तर ते आठवते. पाच स्थळे धावत पाहिली तर पायांचे दुखणे तेवढे आठवते.

सर्व शहरे विमानतळाच्या इतकी जवळ नसतात. शिकागोच्या ओहेर विमानतळावरून निळ्या मार्गाची गाडी अहोरात्र धावते, पण शहराच्या मध्यावर पोहोचण्यास पाऊण तास लागतो. डेन्व्हरला २०१६ पासून गाडी सुरू झाली आहे. तिला सदतीस मिनिटे लागतात. वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावरून भुयारी गाडीने थोड्याच मिनिटांत स्मिथसोनियनच्या वस्तुसंग्रहालयांपाशी जाता येते, आणि तेथे प्रवेश विनामूल्य आहे. अटलांटात गाडीने वीस मिनिटांत शहर गाठता येते. तेथे ऑबर्न अव्हेन्यूवर मार्टिन लूथर किंग यांचे जन्मघर व समाधी आहे, आणि त्याच परिसरात महात्मा गांधींचा पुतळा उभा आहे. मात्र अटलांटात परदेशातून उतरणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे : गाडीचे स्थानक देशांतर्गत इमारतीपाशी आहे, आणि तेथवर बसने जावे लागते.

ज्यांचा थांबा चार-पाच तासांचा आहे किंवा ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यांनाही खुर्चीत खिळून राहण्याचे कारण नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळातच एक मान्यताप्राप्त वस्तुसंग्रहालय आहे. अटलांटाच्या विमानतळाखालील भुयारी वाटेत झिंबाब्वेच्या शिल्पकारांची पाषाणशिल्पे मांडलेली आहेत. लोक सरकत्या पट्ट्यावरून त्यांच्याकडे न पाहता निघून जातात. न्यू यॉर्कच्या केनेडी विमानतळावर ईरो सारिनेन या वास्तुकाराने रचलेली, पंख पसरलेल्या पक्ष्यासारखी १९६२ ची इमारत आहे. २०१९ पासून तेथे हॉटेल आहे, आणि पाचव्या टर्मिनलपाशी उतरून तिचे दालन पाहता येते.

बाहेर पडणाऱ्यांसाठी काही सूचना. बहुतेक अमेरिकन विमानतळांवर आता सामान ठेवण्याची खोली नसते, म्हणून हातातली पिशवी अशी भरावी की ती दोन मैल खांद्यावर वागविता येईल. औषधे, पारपत्र आणि पुढच्या विमानाचा पास तिच्यातच असावेत. थंडीच्या दिवसांत जाड कोट मोठ्या पेटीत घालू नये. पेटी पुढे जाते आणि आपण कुडकुडत राहतो. मुलांचा फोन क्रमांक कागदावर लिहून घ्यावा, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी नको त्या वेळी संपते. आपण शहरात जात आहोत हे मुलांना कळवावे. परतीची कोणती गाडी शेवटची चालेल हे ठरवावे, आणि तिच्या आधीची गाडी पकडावी. बर्फ किंवा वादळाचा अंदाज असेल तर मुकाट्याने आत बसावे. आणि मन घेत नसेल तर कोणाच्या आग्रहाखातर जाऊ नये. भीत भीत पाहिलेले शहर पाहिल्यात जमा नाही.

शेवटी त्या घंटेवरील अक्षरांविषयी. ती इंग्रजीत आहेत, पण वचन आपल्या तोराचे आहे : वायिक्रा, अध्याय २५, वचन १०, बेहार हा पाराशा. पन्नासाव्या वर्षी, योबेलाच्या वर्षी, देशातील सर्व रहिवाशांना मुक्तता जाहीर करावी असा त्याचा आशय. पेनने वसाहतीला दिलेल्या १७०१ च्या सनदेस पन्नास वर्षे होत आली होती, म्हणून हे वचन निवडले असावे असे मानतात. परंतु घंटेवर त्या वचनाचा एवढाच भाग घेतलेला आहे. पुढचा भाग तेथे नाही. त्यात सांगितले आहे की त्या वर्षी प्रत्येकाने आपल्या वतनाकडे परत जावे आणि प्रत्येकाने आपल्या कुटुंबाकडे परत जावे.

ती आज्ञा ज्यांना दिली त्यांचे वतन आणि कुटुंब एकाच वाटेवर होते. आपले तसे राहिलेले नाही. आपले घर अश्दोद, लोद, डिमोना येथे; मुले ओहायो आणि कॅरोलिनाकडे; आणि आजी-आजोबांच्या कबरी अलिबाग, पनवेलच्या बाजूला. एकीकडे परतावे तर दुसरीकडे पाठ होते. म्हणूनच आपल्या वृद्ध मंडळींना दोन विमानांमधला तो वेळ इतका जड जातो. दोष खुर्चीचा नाही आणि महागड्या चहाचाही नाही. त्या आठ तासांपुरते आपण कोणत्याच घरचे नसतो.

यावर उपाय कोणी काढू शकेल असे मला वाटत नाही. पण त्या तासांतले दोन-तीन तास एखाद्या परक्या शहरात सावकाश चालून यावे, चार गोष्टी पाहाव्यात आणि विमानात बसल्यावर त्या वहीत लिहून काढाव्यात. घरी पोहोचल्यावर फोन येतोच. पलीकडून नातू विचारतो, "आजी, काय पाहिलंस?" तेव्हा त्याला सांगण्यासारखे काहीतरी हवे. तडकलेल्या घंटेची गोष्ट सांगून झाली की तो आणखी एक प्रश्न विचारील, आणि तो फोन पाच मिनिटे जास्त चालेल.